न्हाणीचा रंग

परभणीकडच्या आमच्या पालममध्ये दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराला रंग काढला की बोलणं बैठकीपासून सुरू होतं. दर्शनी भिंतीला वेगळा शेड द्यायचा का, देवघर पिवळं ठेवायचं की पांढरं, स्वयंपाकघरात धूर लागतो म्हणून तिथं काय द्यावं, यावर घरातली माणसं तासन्‌तास बोलतात. बाथरूमपाशी आलं की पेंटरच सुचवतो, "हितं उरलेला मारू का?" आणि घरधनी मान हलवतो. बैठकीतला अर्धा डबा, खिडक्यांच्या ग्रिलचा तळाला राहिलेला ऑइलपेंट, जे काही शिल्लक असेल ते त्या चार भिंतींवर जातं. कित्येक घरांत मी असं पाहिलं आहे. मला ते बरोबर वाटत नाही.

कारण ती घरातली एकच खोली आहे जिथं माणूस दार लावून, उघड्या अंगानं, कुणासाठीही नव्हे तर स्वतःसाठी उभा असतो. बैठकीचा रंग पाहुण्यांसाठी असतो, बाहेरचा रंग गल्लीसाठी. न्हाणीतला रंग मात्र आपला आपल्यासाठी. तो उरलेला कसा असेल?

आमच्या भागात ही खोली फार उशिरा आली. जुनी घरं माळवदाची. भिंती दगड-मातीच्या, वर पांढऱ्या मातीचा थर. पुरुष आडावर नाही तर नदीवर अंघोळ करत, आणि बायका पहाटे, अंधार असतानाच, परसात. आडोसा तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा, त्याला गोणपाटाचा पडदा. खाली एक शहाबादी फरशी, तिच्या कडेनं पाणी वाहून जायला दांड, आणि त्या दांडाच्या तोंडाशी अळू नाही तर केळीचं झाड. अंगावरच्या लुगड्यासकट अंघोळ करायची आणि त्यावरच कोरडं गुंडाळून आत यायचं. माझ्या मायनं लग्नानंतरची कितीतरी वर्षं अशीच अंघोळ केली. ती त्याबद्दल तक्रारीच्या सुरात कधी बोलत नाही. पण पक्की भिंत आणि आतून लागणारी कडी असलेली न्हाणी ज्या वर्षी झाली, ते वर्ष तिला अजून लक्षात आहे. माझं बारसं तिला तितकं आठवत नाही.

2011 च्या जनगणनेत घरोघरी अंघोळीच्या सोयीविषयी विचारलं होतं, आणि उत्तरांचे प्रकार तीन होते: बाथरूम आहे, छत नसलेला आडोसा आहे, काहीच नाही. तो मधला प्रकार वाचला की मला आमच्या परसातल्या तुराट्या दिसतात. पुढं 2 ऑक्टोबर 2014 ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, शौचालय बांधणाऱ्या पात्र कुटुंबांना 12,000 रुपये मिळू लागले, आणि गावोगाव परसात छोट्या खोल्या उभ्या राहिल्या. जानेवारी 2019 मध्ये तर केंद्र सरकारनं 'स्वच्छ सुंदर शौचालय' नावाची महिनाभराची स्पर्धा घेतली. लोकांनी आपली शौचालयं रंगवावीत, सजवावीत, म्हणजे ती वापरायची आणि अभिमानानं दाखवायची जागा होईल, हा हेतू. खेड्यापाड्यांत बायकांनी भिंतींवर मोर काढले, वेली काढल्या, गुलाबी आणि निळे हात फिरवले. मला ही गोष्ट मोलाची वाटते. ज्या जागेकडे नाक मुरडून पाहिलं जायचं, तिला रंग मिळाला की तिच्याकडे बघण्याची नजर बदलते, हे सरकारलाही पटलं होतं. न्हाणीसाठी अशी स्पर्धा कुणी घेतली नाही. तिचा रंग घरच्यांनाच ठरवायचा आहे.

आमच्या शेजारच्या तालुक्याचं गाव गंगाखेड. गोदाकाठचं, संत जनाबाईंचं. त्यांच्या नावावरच्या एका अभंगात जनी न्हायला बसली आहे, कढत पाण्यात विसणायला गार पाणी नाही, आणि विठ्ठल घागर उचलून पाण्याला निघतो. दळण-कांडणातल्या विठ्ठलाविषयी सगळे बोलतात, मला हा विठ्ठल जास्त जवळचा वाटतो. एका कष्टकरी बाईची अंघोळ नीट व्हावी यासाठी देवानं धावपळ करावी, इतकी ती गोष्ट जनाबाईंना मोठी वाटली. आमच्या घरात मायची अंघोळ नीट व्हावी म्हणून जे करायचं होतं, त्यात रंग हा भाग होता.

न्हाणी जुनीच. खाली शहाबादी, आणि भिंतींनाही कमरेपर्यंत शहाबादीच उभी लावलेली, त्या काळी लावत तशी. तिच्या वर चुना. झरोका पूर्वेला, हातभर रुंद. बोअरचं पाणी. आमचा सगळा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा, त्यामुळं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला, फरशीच्या सांध्यात पांढरा थर धरतो. आम्ही त्याला नुसतं 'शार' म्हणतो. तो काढायला बाजारातून ॲसिडची बाटली येते. फेस येतो, नाकात झणका जातो, आणि फरशी घटकाभर स्वच्छ दिसते.

रंग निवडायच्या आधी हे पाणी समजून घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी आधी भिंतीवरच्या चुन्याकडं बघू. भट्टीत चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना राहतो. कळीवर पाणी ओतलं की ती खदखदून उकळते, फुटते आणि तिचं लोणी होतं. ते भिंतीवर दिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढून घेत चुना हळूहळू पहिल्यासारखा दगड होतो. म्हणजे भिंतीवरचा वाळलेला चुना आणि नळाच्या तोंडावरचा शार, दोन्ही मूळचे एकच: कॅल्शियम कार्बोनेट. शेतातही तोच. आमच्याकडच्या चुनखडीच्या रानात सोयाबीनला लोह उचलता येत नाही, पानं पिवळी पडतात, शेतकरी म्हणतात केवडा पडला. परभणीच्या कृषी विद्यापीठाची माणसं त्यावर फवारणी सांगतात. रानात, पाण्यात आणि भिंतीवर हा एकच पदार्थ आपल्याशी आयुष्यभर व्यवहार करत असतो. आणि ॲसिड यातलं काहीच ओळखत नाही. ते शार खातं, चुना खातं, शहाबादीही खातं, कारण शहाबादीसुद्धा चुन्याचाच दगड.

पेंटरनं आधी प्लास्टिक पेंट सुचवला. पुसता येतो, चमक राहते, शेड हवी ती मिळते. दुकानातलं शेडकार्ड त्यानं पायरीवर उलगडलं. निळ्याच्याच किती छटा, आणि प्रत्येकीला हिमालयातलं नाही तर समुद्रकाठचं नाव. पण ज्या भिंतीत ओल आहे तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही. मग तो पापुद्राच फुगतो, फोड येतात, नख लावलं की निघतो. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. शिवाय ताजा चुना इतका तिखट असतो की त्यावर बुरशी धरत नाही. वर्षभरात तो तिखटपणा जातो, म्हणून तर आपल्याकडं दरवर्षी दिवाळीला चुना देतात. त्यात डिंक घालतात, म्हणजे पाठ टेकली तरी पांढरी होत नाही. हे सगळं आपल्या आज्या-पणज्यांना पाठ होतं. तेव्हा वर चुनाच द्यायचा, हे ठरलं. प्रश्न राहिला तो चुन्यात काय मिसळायचं याचा.

मायनं लगेच सांगितलं, नीळ. तिच्या माहेरी, लोह्याकडच्या एका खेड्यात, सगळं घर निळसर चुन्याचं होतं. चुन्यात निळीची पुरचुंडी बुडवून हलवायची, हाताला अंदाज असायचा. कमी पडली तर भिंत नुसती पांढरी दिसते, आणि पांढरा चुना जुना झाला की पिवळट होतो. निळीनं तो पिवळटपणा मारला जातो. धुतलेल्या धोतराला नीळ देतात त्यामागंही हेच कारण. ही नीळ झाडाच्या पाल्याची नव्हे. एके काळी हा निळा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या दगडापासून करत, आणि युरोपात तो सोन्याच्या भावानं विकला जाई. 1828 च्या सुमारास फ्रान्स आणि जर्मनीतल्या रसायनतज्ज्ञांनी तो कारखान्यात तयार करून दाखवला, आणि राजेरजवाड्यांच्या चित्रांतला रंग मराठवाड्यातल्या खेड्यात किराणा दुकानात पुडीत मिळू लागला. चुन्याशी त्याचं उत्तम जमतं, वर्षानुवर्षं उडत नाही. ॲसिडशी मात्र त्याचं हाडवैर. थेंब उडाला की तिथला निळा रंग जातो, पांढरा डाग राहतो. निळी न्हाणी हवी तर ॲसिडची बाटली घराबाहेर ठेवावी लागते.

पेंटरनं नमुन्यासाठी झरोक्याशेजारी हातभर पट्टा निळा करून दिला. तो वाळल्यावर मायला बोलावलं. तिनं जवळ जाऊन पाहिलं, हात फिरवला आणि म्हणाली, "ह्यो तर राखी हाय. नीळ कुठं घातली तुमी?"

मला आणि माझ्या बायकोला तो पट्टा स्वच्छ निळा दिसत होता. बायको मायला म्हणाली, "मामी, निळाच हाय की." माय गप्प बसली. तिला वाटलं आम्ही भांडतोय, आम्हाला वाटलं ती हट्ट करतेय.

डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं होत जातं. पिवळ्या काचेतून निळा प्रकाश कमी जातो, म्हणून म्हातारपणी निळा रंग राखाडी भासू लागतो. निळा आणि हिरवा यांत गल्लत होते, फिकट रंगांतला फरक कळेनासा होतो. हे इतकं सावकाश होतं की ज्याचं होतं त्याला पत्ता लागत नाही. मोतीबिंदू वाढला की ते आणखी बळावतं. क्लॉद मोने या फ्रेंच चित्रकाराचं असंच झालं होतं. पाण्यातली कमळं रंगवणाऱ्या या माणसाची चित्रं म्हातारपणी लाल-तपकिरी होत गेली, कारण त्याला जग तसं दिसत होतं. 1923 मध्ये त्याच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मग त्याला सगळं निळंच निळं दिसायला लागलं, रंगीत काचांचे चष्मे लावावे लागले.

मायच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच हिवाळ्यात नांदेडला झालं. काळा चष्मा उतरल्यावर ती एका सकाळी स्वतःच न्हाणीत गेली. मी दारात होतो. तिनं डावा डोळा तळहातानं झाकला, पट्ट्याकडं पाहिलं. मग उजवा झाकला. पुन्हा डावा. असं ती कितीतरी वेळ करत राहिली. मग म्हणाली, "ह्या डोळ्यानं नीळ हाय. त्या डोळ्यानं राख हाय. भिंत येकच हाय का रं?"

मी आजवर रंगाविषयी जे काही वाचलं-ऐकलं होतं, त्यातलं सगळ्यात खरं मला त्या सकाळी कळलं. भिंतीवर काय लावलं आहे हे निम्मं उत्तर. उरलेलं निम्मं बघणाऱ्याच्या डोळ्यात असतं, आणि घरात जितके डोळे तितकी उत्तरं. शेडकार्डावरून, माझ्या डोळ्यांना विचारून भिंत रंगवायची आणि त्या भिंतीचा आधार घेऊन रोज उठायचं मायनं, हा न्याय नव्हे.

आधारावरूनच पुढचं सुचलं. आम्ही तिला न्हाणीत नीट पाहिलं, म्हणजे कोरड्या कपड्यांत, पाणी न घेता, जशी वावरतेस तसं करून दाखव म्हटलं. ती आत शिरताना डावा हात भिंतीला लावते, कमरेच्या थोडं वर, शहाबादी संपते तिथून खांद्यापर्यंतच्या भागात. दिव्याचं बटण पांढरं, त्यामागची भिंत पांढरी, म्हणून ती बटण चाचपून शोधते. टॉवेलची स्टीलची दांडी पांढऱ्या भिंतीवर तिला दिसतच नाही, सवयीनं हात जातो. शहाबादीची फरशी आणि शहाबादीचीच भिंत, दोन्ही एकाच रंगाची, त्यामुळं फरशी कुठं संपते हे तिला पायाच्या बोटांनी कळतं. पांढऱ्या भिंतीला लोक स्वच्छ म्हणतात. मंद डोळ्यांसाठी पांढऱ्यावर पांढरं म्हणजे काहीच नसणं. दिसायला हवा तो फरक, नुसता उजेड नव्हे.

आणि तिच्या त्या डाव्या, अजून ऑपरेशन न झालेल्या डोळ्यालाही ठळक दिसेल असा रंग कोणता? तांबडा, गेरूचा. पिवळं पडलेलं भिंग निळा अडवतं, तांबड्याला वाट देतं. गेरू म्हणजे लोहाची माती. ती उन्हानं उडत नाही, चुन्यानं मरत नाही, बोअरच्या पाण्यातल्या लोहाचे डाग तिच्यावर दिसत नाहीत. तुळशीवृंदावनाला, देवळाच्या जोत्याला, घराच्या उंबऱ्याशी आपण पिढ्यान्‌पिढ्या गेरू देत आलो आहोत. त्यासाठी वेगळा शोध लावायची गरज नव्हती.

तर कमरेपासून खांद्यापर्यंत गेरूच्या रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा, पूर्वी शाळांना आणि सरकारी दवाखान्यांना असायचा तसा, चारी भिंतींवर सलग. हात लागणार, साबणाचे शिंतोडे उडणार, तेवढ्यापुरता चुन्याचा हट्ट सोडून तिथं पुसता येणारा रंगच हवा. पेंटर म्हणाला, "सर, जुना चुना खरवडल्याबिगर ऑइलपेंट धरत नाही, पापुद्रे निघतील." त्यानं पत्रीनं भिंत खरवडली, पॉलिशपेपर मारला, प्राइमर दिला आणि मगच रंग चढवला. आमची भिंत जुनी होती हे बरं. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर घाईनं ऑइलपेंट दिला तर गिलाव्यातला तिखटपणा आणि रंगातलं तेल यांचा चक्क साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. गिलाव्याला महिनाभर तरी पुरतं पाणी आणि वाळायला वेळ मिळाल्याशिवाय त्याला हात लावू नये. डबा घेताना त्यावर शिसं नसल्याचं लिहिलेलं वाचून घेतलं. जुन्या पिवळ्या-तांबड्या ऑइलपेंटात शिसं भरपूर असायचं. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाखांत 90 भागांहून जास्त शिसं चालत नाही असा नियम आहे. घरात रांगणारं पोर असेल तर गोदामातला जुना डबा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये.

पट्ट्याच्या वर निळीचा चुना, छतापर्यंत. तो मायच्या माहेरचा. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा उतरतो, पेपरात रोज आकडा येतो, तेव्हा नुसती निळी न्हाणी अंगावर काटा आणते. खालच्या गेरूनं तो थंडावा तोडला. पांढरं बटण गेरूवर आलं. दांडीच्या मागं गेरू आला. भिंत आणि फरशी मिळतात तिथं बोटभर पिवळी रेघ पेंटरनं आपणहून ओढली. त्याच्या वडिलांनाही कमी दिसतं, हे त्यानं तेव्हा सांगितलं.

बायकोला पट्टा थोडा गडद वाटतो, दवाखान्याची आठवण होते म्हणते. तिचंही खोटं नाही. पण ती म्हणाली, मामी जिथं हात टेकवतात तिथं माझी आवड चालवायची नाही. पोरांना तो रंग आवडला. झरोक्यातून सकाळचं ऊन आत आलं की गेरूवरचं ऊन वरच्या निळ्यावर जरासं उतरतं आणि खोली उबदार दिसते, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं.

यंदा दिवाळीला तुम्ही घराला रंग काढाल. बाथरूमसाठी उरलेला डबा राखून ठेवू नका. शेडकार्डावर ठरवू नका, त्या खोलीच्या भिंतीवरच हातभर नमुना द्या, वाळू द्या, मग त्यावर तांब्याभर पाणी मारा, कारण ती भिंत बहुतेक वेळ ओलीच असणार. दिवसा बघा, दिवा लावून बघा. आणि घरात सगळ्यात कमी कुणाला दिसतं त्याला आत घेऊन जा, बटण कुठं आहे, नळ कुठं आहे, दांडी कुठं आहे ते लांबून दाखवायला सांगा. ज्या रंगावर त्याला तिन्ही गोष्टी दिसतील, तो रंग घ्या.